ठकाईची ओंजळ

त्या दिवशी सकाळपासूनच उन्हाचा तडाखा होता. वारा पडलेला, समोरचा डोंगर धुरकट, आणि पानसुद्धा हलू नये अशी वैशाखातली उमस. शहरातून आलेल्या पोरापोरींना घेऊन मी सांबरखोलच्या राईतली वाट चढत होतो. वाटेत त्यांना अंजनाचं झाड दाखवलं, शेकरूचं घरटं दाखवलं, गारंबीची मांडीएवढी जाड वेल दाखवली. कुठल्या लढाईतली कोण जाणे, पण शेंदूर फासलेली वीरगळ आहे, तीही दाखवली. पोरं नीट ऐकत होती. मग झरा आला.

झरा म्हणजे कातळातून येणारी बोटभर धार. तिच्या खाली एक दगड, कोणी ओंजळ धरून बसावं तसा. शेजारी नारळाची करवंटी.

"इथं आपल्या हाताने प्यायचं नाही," मी म्हणालो. "दुसऱ्याने ओतायचं, आपण ओंजळ धरायची."

"आणि एकटाच माणूस आला तर?"

"बसायचं. मागून कोणी येईपर्यंत."

पोरं हसली. मग मी त्यांना ठकाईचं सांगितलं, माझ्या आजाने मला सांगितलं तसं.

फार मागे म्हणे पावसाने तोंड फिरवलं होतं. नदी आटली, विहिरी आटल्या, राईतला हा झरा तेवढा उरला. गावाने नेम केला, परक्याने इथल्या धारेला, भांड्याला हात लावायचा नाही, लावला तर राईची देवी कोपेल. देवी असं कधी म्हणाली, ते कोणी विचारलं नाही. राखणीला राणू नावाचा गडी बसवला.

एका दुपारी घाटमाथ्यावरून ठकाई नावाची धनगरीण उतरली. मेंढरं वाटेतच पडलेली, जीभ टाळूला चिकटलेली. झऱ्यावर गावची माणसं घडे भरत होती. भांडं हाताशी होतं, झडप घालून प्याली असती तर काय बिघडलं असतं? पण तिने नेम ऐकला आणि ती खाली बसली. म्हणाली, "तुमचा नेम मी मोडत नाही. भांडं तुमचं, हात तुमचा. ओंजळ तेवढी माझी."

राणूने दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. नाही कोणीच म्हणालं नाही, आणि ओतलंही कोणी नाही. भरले घडे घेऊन माणसं तिच्या शेजारून घरी गेली.

दिवस मावळला तेव्हा तिथं बाई नव्हती, हा दगड होता, असं सांगतात. आणि धार बंद.

मग गाव धावलं. कोंबडं आणलं, बोकड आणला, नारळांचा ढीग घातला. अरे, घोटभर पाण्याच्या जागी बोकड! धार आली नाही. शेवटी राणूची म्हातारी आई घरात उरलेलं तांब्याभर पाणी घेऊन चढली, दगडाच्या ओंजळीत ओतलं आणि म्हणाली, "घे बाई. माझ्या लेकाला उशीर झाला." तेव्हा कातळातून पाणी फुटलं म्हणे.

गाव सांगतं, देवी प्रसन्न झाली. कसली प्रसन्न? जिवंतपणी घोट दिला नाही, आणि आता दर वर्षी वाजतगाजत येऊन दगडाला साडीचोळी चढवतात! माझा अजून तिळपापड होतो.

"छान स्टोरी आहे, आजोबा," म्हणत पोरांनी थेट धारेखाली बाटल्या लावल्या. एकाने ठकाईच्या ओंजळीत टोपी भिजवून डोक्यावर घातली. फोटो काढले. "तुम्ही बसा, आम्ही माथ्यावर जाऊन येतो," म्हणाली आणि गेली. म्हातारा प्यायला की नाही, ते एकाच्याही ध्यानात आलं नाही.

हाक मारून मागावं, तर रागाने तोंड उघडेना. ठकाईने तरी मागितलं होतं. घसा सुकलेला, समोर धार, करवंटी हाताशी. पण आजही सांबरखोलचा माणूस इथं आपल्या हाताने पीत नाही. मी बसून राहिलो.

किती वेळाने कोण जाणे, करवंदांची पाटी डोक्यावर घेऊन शेजारची गोदावहिनी वरून उतरली. तिला बघताच माझा बांध फुटला. त्या पोरांना बोललो, राणूला बोललो, अख्ख्या गावाला बोललो. तिने पाटी उतरवली, सगळं ऐकत ऐकत करवंटी धारेखाली धरली.

"भावजी, भांडण मग करा," ती म्हणाली. "आधी ओंजळ धरा."