केवड्याच्या बनाची ओळ

खूप जुनी गोष्ट आहे, लहानांनी ऐकावी आणि थोरांनीही. समुद्रकाठच्या एका राज्यात एक दरबारी गवई होता. त्याचं एक गाणं घरोघरी गायलं जाई:

'दमलीस गं साळुंके, उतर आता खाली,
सोन्याच्या नगरीत उजाडली दिवाळी.'

एकदा राजाने विचारलं, "हे रचलं कोणी?"

गवई खरं बोलला. "महाराज, एका मीठवाल्याच्या तोंडून मी ते ऐकलं. दुसरी ओळ अगदी साधी होती, ती तेवढी मी बदलली."

"मग रचणाऱ्याला शोधा. त्याचा सत्कार करू."

विचारत विचारत गवई खाडीकाठच्या एका वस्तीत पोचला. तिथे एक म्हातारी उखळात भात कांडत होती. गाणं तिचंच होतं. सत्काराचं ऐकून तिने मुसळ थांबवलंदेखील नाही.

"गाणं लांबवर पोचलं का, गवईबुवा?"

"डोंगरापलीकडेही गातात, आजी."

आता मात्र मुसळ थांबलं. "मग माझी लेक अजून कशी आली नाही?"

लेक पाच वर्षांची असताना जत्रेत हरवली होती. तिला गावाचं नाव सांगता येत नव्हतं, घरामागचं केवड्याचं बन तेवढं ठाऊक होतं. म्हणून आईने ओळ बांधली, 'केवड्याच्या बनापाशी वाट बघते माउली', आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ती शिकवली.

ती ओळ आपणच बदलल्याचं गवयाने सांगून टाकलं.

म्हातारी म्हणाली, "तुमची ओळ गोड आहे. आता माझी कोण गाईल?"

"मी गाईन," गवई म्हणाला.

तो दरबारात परतलाच नाही. जत्रांत, पाणवठ्यांवर, धर्मशाळांत तो जुनी ओळ गात हिंडू लागला. लोक म्हणत, "बुवा, ओळ चुकली." तो म्हणे, "चुकली होती. आता बरोबर आहे."

तिसऱ्या वर्षी, डोंगरातल्या एका गावी, पाण्याला निघालेली एक बाई वाटेतच थबकली. कडेवर मूल होतं.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली. "मला लहानपणी साळुंकीच म्हणत. केवड्याचा तो वास आठवतो, पण गाव कुठलं ते काही केल्या आठवत नाही. ते गाणं तर मी कितीदा गायले. त्यात केवडा कधीच नव्हता."

गवई तिला घेऊन खाडीकाठी आला. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "म्हातारी चार महिन्यांपूर्वी गेली गं. शेवटपर्यंत दार उघडंच ठेवायची."

लेकीने कडी काढली. मुलाला घेऊन ती आत जाऊन बसली. गवई उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. त्याला आत पाऊल टाकवेना.

दुसऱ्याचं गाणं सजवावं, पण त्यातली हाक पुसू नये.