ताटातला पहिला घास

विषाच्या धास्तीने सरदार रायाजीराव आधी दुसऱ्याला चाखायला लावत, मगच जेवत. चाखणाऱ्या माणसाला त्यांनी खूश होऊन सोन्याचं कडंही घातलं होतं.

त्या दिवशी ताट वाढलेलं, चाखणारा अजून यायचा होता. दारात तोफखान्यातला नवा तुर्की गोलंदाज दिसला, तशी रावांनी हाक मारली, "ये!"

गडी आला आणि थेट रावांच्या ताटातली जिलबी उचलून खाऊ लागला!

"हात तोडा याचा!" राव गरजले.

दुभाषी सखोपंत पुढे धावले. "सरकार, तुर्कीत 'ये' म्हणजे 'खा'."

"इथे माझीच भाषा चालते!"

सखोपंतांनी हात जोडले. "चालू द्या, सरकार. पण तुमच्याआधी ताट चाखणाऱ्याला तुम्ही कडं घालता. याचा हातच तोडलात, तर ते घालायचं कुठे?"