फिरस्त्यांचं नवं नाव

"...आणि नाव बदललं, एवढं पुरेसं नाही का आप्पा?"

पुष्करनं हे विचारलं तेव्हा आप्पा पत्रावळ लावत होते. पळसाच्या पानावर पान ठेवायचं, बांबूच्या काडीची चोय टोचायची, उरलेली मोडून टाकायची. त्यांनी मान वर केली नाही.

"किती ठिकाणी बदललंस?"

"दोनशे चौदा. एकही सुटलं नाही."

आप्पांनी पुढचं पान घेतलं...

मी तिथंच खांबाला टेकून बसलो होतो, म्हणून सांगतो. पण आधी खेळाचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

आप्पा म्हणजे त्र्यंबक खासनीस. शाळेत मास्तर होते. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी 'अठरा वेशी' नावाचा खेळ रचला. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. आपण कुणीतरी व्हायचं. कुणी सरदार, कुणी वैद्य, कुणी फिरस्ता. सूत्रधार प्रसंग सांगतो, आपण काय करतो ते आपण बोलायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. त्या मुलखातली गावं कुठली, माणसं कशी, कुणाला कोणता नियम, हे सगळं एका जाड पुस्तकात लिहिलेलं. आम्ही खेळणारे त्याला पोथी म्हणायचो.

पुढं आप्पांनी सूत्रधारकी सोडली. नोकरी संपल्यावर नदीपलीकडच्या या मठात येऊन राहिले. महाराज वगैरे कुणी नाहीत ते. मठाची पुस्तकं झाडतात, पंगतीच्या पत्रावळी लावतात, कुणी विचारलं तर बोलतात. सत्तावीस वर्षं त्यांनी फाशाला हात लावलेला नव्हता.

पुष्करला जुनी पोथी मीच दिली. त्यानं तिच्यात जीव ओतला, हे कबूल करायलाच हवं. शहरात चार ठिकाणी खेळ सुरू केला, सहा वर्षं दर महिन्याला आप्पांच्या पायाशी येऊन एकेका गावाची हकिगत विचारून घेतली. पोरगा हुशार आहे. ते त्यालाही ठाऊक आहे, आणि अडचण तीच आहे.

आता नवी आवृत्ती छापायची होती. सोमवारी छापखान्यात जाणार. मुखपृष्ठावर आप्पांचं नाव हवं होतं, आणि त्यांच्या होकाराशिवाय छापायचं नाही असं पुष्करनं स्वतःच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. म्हणजे सहा वर्षांची मेहनत या एका होकारावर अडली होती.

घोडं पेंड खात होतं ते फिरस्त्यांपाशी. मुलखात ज्यांना गाव नाही, जे पालं टाकत हिंडतात, ते फिरस्ते. जुन्या पोथीत त्यांच्याबद्दल जे लिहिलं होतं ते आता वाचवत नाही. पुष्करला एका वाचकाचं पत्र आलं होतं, की हे शब्द आमच्या लोकांना गावोगाव ऐकावे लागतात, निदान खेळात तरी नकोत. पुष्करला ते लागलं. त्यानं खूप विचार करून नवं नाव शोधलं, 'वातपुत्र', आणि संगणकावर एका दमात सगळीकडे घातलं.

आमच्यात एक रीत होती. पोथीत काही बदलायचं तर ते आधी खेळून बघायचं, आणि ज्याच्याबद्दल बदल असेल त्याच्याच बाजूनं. पुष्करला ही रीत माहीत होती. जुनाट वाटली म्हणून त्यानं सोडून दिली, असं तो मला येताना रस्त्यात म्हणाला होता.

आप्पांनी पत्रावळ बाजूला ठेवली. हात धोतराला पुसले.

"फासा आणलायस?"

पुष्कर माझ्याकडे बघायला लागला. मी आप्पांकडे... सत्तावीस वर्षं!

त्यानं पिशवीतून फासा काढला. नवी पोथीही काढली, अजून न बांधलेली, नुसते कागद. आप्पांनी कागद मांडीवर घेतले.

"वातपुत्र हो," ते म्हणाले. "नाव सांग."

"समीरण."

"समीरण, तुझी पोर तापानं फणफणलीय. दोन दिवस पाणी नाही. समोर गाव दिसतंय. वेशीच्या आत विहीर. वेशीवर पहारेकरी. काय करतोस?"

पुष्कर हसला. इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं सांगितलं की समीरण सरळ जातो, हात जोडतो, खरं काय ते सांगतो आणि पाणी मागतो.

"टाक. चार किंवा वर पडले तर वेस उघडेल."

त्यानं फासा टाकला. पाच.

"पुन्हा टाक," आप्पा म्हणाले.

"पाच पडलेत आप्पा."

आप्पांनी एक कागद त्याच्यापुढे धरला. पुष्करनं वाचला. तो जुन्या पोथीवरून त्यानंच टंकलेला होता. वातपुत्राच्या शब्दावर विश्वास ठेवताना फासा दोनदा टाकावा आणि कमी पडलेला धरावा.

त्यानं पुन्हा टाकला. दोन.

"पहारेकऱ्यानं काठी आडवी धरली," आप्पा म्हणाले. "पोरीनं डोळे मिटलेत..."

आता पुष्कर हसत नव्हता. तो पोरीला खांद्यावरून उतरवतो म्हणाला, पहारेकऱ्याला तिचं कपाळ हात लावून बघायला सांगतो म्हणाला. तीन आणि सहा. तीन धरले. मग तो म्हणाला, मी बाहेरच थांबतो, तुमच्यातल्याच कुणीतरी एक तांब्या आणून द्या. सहा पडले. आमच्या दोघांच्याही तोंडून सुस्कारा निघाला. दुसऱ्यांदा एक पडला.

मठाच्या अंगणात कुणीतरी धान्य पाखडत होतं. तेवढाच आवाज.

"पोर निपचित पडलीय," आप्पा म्हणाले.

पुष्करच्या कपाळावर घाम आला होता. खोटी पोर, खोटी विहीर. पण खेळ असाच असतो, एकदा आत गेलं की गेलं. तो खाली बघून म्हणाला,

"मी मागच्या बाजूनं कुंपण ओलांडतो. पाणी चोरतो."

"टाक."

"दोनदा?"

"नाही. चोरीला एकदाच. वर दोनची भर."

तीन पडले. दोन मिळवले. पाच.

"जमलं," आप्पा म्हणाले. "पोर पाणी प्यायली. वाचली."

पुष्करनं श्वास सोडला.

आप्पांनी कागदांतून एक पान शोधलं आणि सावकाश वाचलं. "'वातपुत्र जन्मतः चोर असतात.'" मग ते त्याच्याकडे बघून म्हणाले, "बरोबर लिहिलंयस. मी आत्ताच पाहिलं."

...

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. एरवी मी हे तोंडावर म्हटलं असतं. त्या दिवशी जीभ उचलली नाही. कारण हीच विहीर, हाच पहारेकरी मी आधी पाहिला होता.

सत्तावीस वर्षांपूर्वी आमच्या खेळात हौसा नावाची मुलगी यायची. नर्सिंगचं शिकत होती. तिचे वडील गावोगाव हिंडून सुऱ्या-कात्र्यांना धार लावत. एका रविवारी आप्पांनी तिला फिरस्ता दिला. तुला चांगला जमेल, असं म्हणाले. आम्ही हसलो. मीही हसलो. त्यात वाईट काही आहे हे आमच्या डोक्यातही आलं नाही. तिनंही वेशीवर पाणी मागितलं. तीन वेळा मागितलं. मग कुणीतरी ओरडलं, अगं चोर की, दोनची भर आहे. तिनं फासा आप्पांच्या पुढ्यात नीट ठेवला. "हे मी रोजच खेळते आप्पा," म्हणाली, आणि चपला घालून गेली. परत आली नाही. आप्पा पुढच्या रविवारी सूत्रधाराच्या जागी बसले नाहीत, आणि त्याच्या पुढच्याही नाही.

ते आठवलं की मला अजून लाज वाटते. ओरडणारा मी होतो.

हे मी पुष्करला कधी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी सांगितलं.

 पुष्कर भराभर बोलायला लागला. दोनदा फासा टाकायचा नियम काढतो, चोरीची भर काढतो, ते जन्मतःचं वाक्य काढतो. इतकं सगळं काढायचं तर वातपुत्र तरी कशाला ठेवायचे, सगळं प्रकरणच काढून टाकतो. मुलखात फिरस्ते नव्हतेच असं धरू. सोमवारपर्यंत सहज होईल म्हणाला.

"म्हणजे वेशीबाहेर तर होतेच," आप्पा म्हणाले. "आता मुलखाबाहेर."

पुष्कर थांबला. त्याचे डोळे भरून आले होते. अपमानानं की कशानं, मला सांगता येणार नाही. मला त्याची दया आली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच तो मला आवडला.

"मग मी त्यांच्याबद्दल लिहू तरी काय?"

"पोथीत त्यांची पानं किती?"

"अकरा."

"आणि पहारेकऱ्याची?"

पुष्करनं कागद चाळले. पुढून चाळले, मागून चाळले. शेवटी गावांच्या यादीत एक ओळ सापडली. ती त्यानं मोठ्यानं वाचली. 'पहारेकरी: वेशीवर असतो.' बस्स, इतकंच.

तो कसा आहे, कुणाला घाबरतो, काठी कुणी दिली त्याच्या हातात, घरी त्याला पोर आहे का... काहीच नाही. चाळीस वर्षांत आमच्यातल्या कुणी विचारलंही नव्हतं.

पुष्करनं कागद एकावर एक नीट रचले. सोमवार गेला, हे त्याला कळलं होतं. त्यानं आप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि तसाच वाकलेला असताना हळूच म्हणाला,

"म्हणजे पुस्तकाला तुमचं नाव मिळणार नाही."

आप्पांनी त्याला उठवलं. फासा त्याच्या तळहातावर ठेवला, आणि वरून आपल्या हातानं मूठ मिटवली.

"मिळेल की," ते म्हणाले. "पहारेकऱ्याला अजून नाव नाहीये. त्याला माझं दे."