दशांशांचा खण

यंत्रांना वाचा होती त्या काळी एका मोठ्या संगणकाने तापमापीतल्या चिमुकल्या चिपसाठी प्रोग्राम बांधून दिला. त्या प्रोग्रामचे दोन भाग होते: गणितराव ताप मोजत आणि छपाईबाई आकडा पडद्यावर उमटवत. पण प्रत्येक रुग्णाचा ताप शून्यच दिसे. डॉक्टरीणबाईंनी तापमापी टाकून द्यायचे ठरवले.

“गणितराव, शून्य तापाचा जिवंत माणूस पाहिलात कुठे?” छपाईबाईंनी टोमणा मारला.

“मी १०१.४ ठेवतो, बाई!”

“ठेवता कुठे?” चिपने विचारले.

“दशांशांच्या खणात.”

“अगबाई!” छपाईबाई म्हणाल्या. “मी तर पूर्णांकांच्या खणात शोधते, आणि तिथे शून्यच असते. मला तशीच रीत शिकवली आहे.”

दोघांना भिन्न रीतींनी आपणच घडवले, हे संगणकाने मान्य केले आणि त्यांना एकाच रीतीने पुन्हा बांधले. पडद्यावर १०१.४ झळकले. टाकायला उचललेली तापमापी खाली ठेवत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पुढच्या रुग्णाला पाठवा!”