कानाचं मशीन

“…मग हीसुद्धा का जळली, सर?”

मुजावर सर नुकते खाटेवर उठून बसत होते. दुपारची झोप अजून डोळ्यांत होती. कानाचं मशीन उशाशी, डबीत.

शाल्मलीचं तिकडे लक्षच नव्हतं. परदेशातली नोकरी सोडून ती मिरजेला परतली होती ती एकाच ध्यासाने. मोबाइल बंद पडले तरी पुराचा इशारा देत राहील असा बिनतारी रेडिओ नदीकाठच्या गावागावांत बसवायचा. त्याची चिप तिने स्वतः आखली होती. नमुन्याच्या मोजक्याच चिप्स बनून आल्या, आणि एकेक करत जळत गेल्या. आता एकच उरली होती. तीही गेली की सगळा खेळ खलास.

“क्रम चुकला म्हणू नका. क्रम तुम्हीच शिकवलाय.”

चिपला सगळी वीज एकदम देत नाहीत. आधी गाभ्याला, मग कडेच्या पिनांना, शेवटी रेडिओच्या भागाला. शाल्मलीने ते देवपूजेसारखं सांभाळलं होतं.

सरांनी हातानेच थांब म्हटलं आणि डबी चाचपली.

ती कसली थांबते. सांगतच सुटली. चिपला कामाला लावणारा मुख्य बोर्ड तिने असा रचला होता की क्षणही वाया जाऊ नये. स्वतः जागा झाला की तो लगेच तारांवरून चिपला विचारू लागे, तयार आहेस का, तयार आहेस का… उत्तर येईपर्यंत. तिकडच्या वरिष्ठांनी याच गोष्टीसाठी तिची पाठ थोपटली होती.

“ऐकताय ना?”

सर मशीन कानात बसवत होते.

“सर, ऐकताय ना!”

नेमकं तेव्हाच मशीन सुरू झालं. सर कळवळले. मशीन काढून त्यांनी उशीवर टाकलं आणि कान दाबून धरला.

शाल्मली ओशाळली. पण राग काही उतरला नाही.

काही वेळाने सरांनी हात पुढे केला. तिने जळकी चिप आणि भिंग त्यांच्या हातावर ठेवलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग मशीन नुसतंच कानाशी धरून म्हणाले,

“वीज कुठल्या अंगाने येते?”

“डावीकडून.”

“आणि डाग?”

तिने भिंग घेतलं. डाग उजवीकडे होता, बोर्डाच्या तारा येतात तिथे.

“पण तिकडून आपण वीज देतच नाही,” ती वैतागून म्हणाली. “तिकडून फक्त प्रश्न येतात.”

“चालत येतात?”

“तारेतून…” ती अडखळली. “विजेनेच येतात.”

“सातासमुद्रापार जाऊन आलीस,” सर पुटपुटले, “पण दाराशी येऊन हाका मारायची तुझी खोड गेली नाही.”

बोर्ड आधी जागा होत होता. चिप नंतर… आणि झोपेतल्या चिपमध्ये प्रश्नांची वीज भलत्याच दाराने घुसत होती.

सरांनी मशीन पुन्हा कानात बसवलं. बोटाने नीट दाबलं. कळ सरकवली. डोळे मिटून बसून राहिले.

शाल्मलीने ओठांवर आलेला प्रश्न गिळला. वाट बघत उभी राहिली.

शेवटी सरांनी डोळे उघडले.

“हं… आता विचार.”