दीड इंचाचा समास

शिक्षण कार्यालयातल्या ढमढेरेसाहेबांच्या टेबलावर कायम फूटपट्टी असायची. पत्राचा डावा समास दीड इंच भरला नाही, तर मजकूर न वाचताच ते लाल पेनाने लिहायचे, 'समास चुकला. परत.' तसं परिपत्रकच त्यांनी काढलं होतं.

टायपिस्ट सरोजिनी वायंगणकर या प्रकाराला विटली होती. नवीन पत्र उघडलं की कॉम्प्युटर एक इंचच समास द्यायचा. दर वेळी तो हाताने बदलावा लागायचा.

"साहेब, दीड इंच एकदाच डिफॉल्ट म्हणून सेव्ह करू द्या. मग प्रत्येक पत्र तसंच उघडेल."

"सरकारी मशीनच्या सेटिंगला हात लावायचा नाही!"

एकदा घाईत समास बदलायचा राहिला आणि आजारी कासकर गुरुजींच्या बदलीचं पत्र परत आलं. धापा टाकत जिना उतरणारे गुरुजी पाहून सरोजिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती साहेबांना तोंडावर बोलली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः टाइप केलेला मेमो सगळ्यांदेखत तिच्यापुढे आपटला.

"फूटपट्टी द्या," ती म्हणाली. तिने समास मोजला. एक इंच! लाल पेन उचलून तिने मेमोवर लिहिलं, 'समास चुकला. परत.'

"अहो, वाचा तरी!"

"समास चुकलेला कागद वाचायचा नाही, हे तुमचंच परिपत्रक. गुरुजींचं पत्र तुम्ही वाचाल, तेव्हा मेमो मी वाचेन."

साहेबांनी दातओठ खात गुरुजींच्या पत्रावर सही केली. "आणि ते डिफॉल्ट... करा सेव्ह."

"करते. पण आधी तुमच्या मशीनवर!"