कोपरा दाखवा, महाराज

"आठ दिवसांत भिंत धुऊन दे. काजळी पार निघाली पाहिजे आणि रंगाचा टिपूसही जाता कामा नये. नाहीतर तुझं यंदाचं बलुतं बंद!"

राजाने येसू परटिणीला हुकूम सोडला. बलुतं बंद म्हणजे वर्षाचं धान्य बंद. आणि राजा असा हट्टी, की तोंडातून निघालेला शब्द कधी मागे घ्यायचा नाही.

भिंत होती डोंगरातल्या लेण्याची, हजार वर्षांपूर्वीच्या चित्रांनी भरलेली. राजाने ते लेणं कापडवाल्या गोंदूशेटला भाड्याने दिलं होतं. शेट तिथे लग्नं लावी, पंगती उठवी. मशालींच्या धुराने चित्रं काळवंडली, तसा तो राजाच्या कानाला लागला, "काळजी कसली, महाराज? परटीण आहे की. धुऊन टाकेल."

येसूने भिंत पाहिली आणि ओळखलं. रंग मातीच्या गिलाव्यावरचे होते. पाणी लागलं की काजळीबरोबर चित्रही खाली येणार. धुवावं तर चित्र जातंय, न धुवावं तर पोट. इकडे आड, तिकडे विहीर.

आठव्या दिवशी सकाळी राजा आला, मागोमाग शेट. येसू घागर घेऊन उभी होती. भिंत कोरडी ठणठणीत.

"अजून हात नाही लावलास?"

"तुमच्यासाठीच थांबले, महाराज. रंगीत कापड आलं की आम्ही आधी त्याचा एक कोपरा भिजवून बघतो. रंग गेलाच तर तेवढाच जातो. कोपरा मालकाने दाखवायचा, ही आमची रीत. तुम्ही मालक. दाखवा कोपरा."

"एवढंच ना!"

येसूने दाराशी पांढरी चादर अंथरली. तिच्यावर पडलेलं ऊन परतून आत भिंतीवर गेलं आणि काजळीखालची चित्रं दिसू लागली. राजा बोट उगारून निघाला. समोर आरशात पाहणारी राणी. हिचं काय भिजवायचं, नाक की डोळा? तो पुढे सरकला. हत्तीच्या सोंडेत कमळ होतं, तेही नको वाटलं. अगदी तळाशी एक माकडीण पिल्लाच्या उवा काढत बसली होती. पिल्लाचं वैतागलेलं तोंड पाहून राजाला हसू फुटलं. इतक्या वर्षांत त्याने ती भिंत धड पाहिलीच नव्हती.

"हाच दाखवा, महाराज," शेट घाईने म्हणाला. "माकडच तर आहे."

"गप्प बसा!" राजाने बोट मिटलं. "यातला एकही कोपरा द्यायचा नाही. पण येसू, मग हे धुवायचं कसं?"

"नाही धुता यायचं, महाराज. आणि जे धुता येत नाही, ते नेसून आम्ही पंगतीला बसत नाही. पेटीत जपतो, सणासुदीला काढून डोळे भरून बघतो."

राजा इतका खदखदून हसला की लेणं घुमलं.

"शेट, उद्यापासून तुमच्या पंगती खाली आमराईत. लेण्याची किल्ली येसूकडे, बलुतं दुप्पट. आणि तुमच्या दुकानातलं सगळ्यात भारी लुगडं आजच हिच्या घरी पोचवा."

शेटने कपाळाला हात लावला.

"भारी नको, शेट," येसू घागर उचलत म्हणाली. "धुता येईल असं द्या."